गोजरबाईचा आर आणि इंद्रायणीची सफरचंदे

गोजरबाई देखणी नव्हती, आणि हे तिला कोणी सांगण्याची गरज कधी पडली नाही. ओवी म्हणायला गळा नव्हता, चार बायकांत बसून गोष्ट रंगवण्याची हातोटी नव्हती. तिच्याजवळ स्वतःचे असे एकच होते, ते म्हणजे आर. शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांचा जाळ आणि धूर सरू द्यायचा, आणि वर राखेची साय धरलेले निखारे उरले की त्यांत जाड कणकेचे रोडगे पुरायचे. सांगायला एवढेच. पण घाई झाली तर रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो, आणि उशीर झाला तर दगड होऊन बसतो. ती नेमकी वेळ गोजरबाईच्या तळहाताला कळत असे. आरावर हात धरून ती क्षणभर थांबे, आणि ती "घाला" म्हणाली की केदारखेड्यात कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी शेतातल्या म्हसोबाला रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा, ही त्या घरची जुनी रीत. भावकी जमे, राजूरकडचे पाहुणे येत. सासूने, द्वारकाबाईने, हा आर थोरल्या सुनेच्या हाती दिला त्याला बरीच वर्षे झाली होती. नवरा भुजंग अबोल माणूस; बायकोचे कौतुक करावे हे त्याच्या ध्यानीमनीही नसे. वर्षातून त्या एका दुपारी मात्र पंगतीतून कोणी तरी "आर कुणाचा?" असे विचारी, आणि द्वारकाबाई मानेनेच थोरलीकडे दाखवी. त्या एका मान हलवण्यावर गोजरबाईचे वर्ष निघत असे.

मग धाकटा दीर त्रिंबक याचे लग्न झाले आणि परतूरहून इंद्रायणी आली.

इंद्रायणीत वाईट असे काही नव्हते, आणि गोजरबाईची खरी अडचण तीच होती. ती उठायची लवकर, बोलायची गोड, थोरल्या जावेला 'बाई' म्हणायची आणि तिच्याआधी कधी जेवायला बसायची नाही. भांडायला एखादे कारण मिळाले असते तर गोजरबाईला हलके वाटले असते. ते मिळत नव्हते, म्हणून ती बारीकसारीक गोष्टी मनात साठवू लागली: इंद्रायणीच्या भाकरीला सासू 'पातळ' म्हणाली, ते निंदेने की कौतुकाने? भुजंगने ताकाची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली, ते ताक इंद्रायणीने घुसळले म्हणूनच ना?

त्या वर्षी दसरा होऊन तिसऱ्या दिवशी इंद्रायणीचा भाऊ मच्छिंद्र बहिणीला भेटायला आला. तो परतूरच्या एका अडत्याकडे कामाला होता. मालकाकडे उत्तरेतून रेल्वेने फळे आली होती, त्यांतली एक करंडी त्याला मिळाली होती. करंडीत गवताच्या थरांत सफरचंदे होती. लाल, एका अंगाला हिरवट, आणि तोंडावर धरली तर थंड लागणारी. गावात त्यांना सेप म्हणत, आणि सेप घरात येई ते कोणी अंथरुणाला खिळले तरच. तापातून उठलेल्या माणसाला वैद्य सांगे तेव्हा जालन्याहून एखादे मागवायचे, आणि त्याची फोडही घरातल्या निरोगी माणसाने चाखायची नाही. पूर्ण करंडी पाहून द्वारकाबाई घाबरलीच.

"कोण आजारी हाय?" तिने विचारले.

"कुणी न्हाई, आत्याबाई," इंद्रायणी म्हणाली. "पर आजारी पडायची वाट कशाला बघायची?"

सगळे हसले, आणि उलट उत्तर मुळीच न खपणारी द्वारकाबाईही हसली. गोजरबाई जात्याच्या खोलीतून हे ऐकत होती. असे उत्तर इतक्या वर्षांत आपण एकदा तरी दिले असते तर काय झाले असते, याचा तिने विचार केला. इंद्रायणी फोडी घेऊन आत आली तेव्हा ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि पीठ भरत राहिली. फळाचा वास मात्र नको म्हटल्याने थांबत नाही. तो तिच्या पिठापर्यंत आला.

पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. इंद्रायणीने सफरचंदे किसून शिरा केला. मग गुळाच्या पाकात फोडी घालून, वर वेलदोडा टाकून मुरांबा केला. माहेरी आपण हे फळ चुलीच्या राखेत भाजून खात असू, भाजले की ते लोण्यासारखे होते, असेही तिने सांगितले. भुजंग शिरा खाऊन "बेस झालाय" एवढे बोलला. तो एक शब्द गोजरबाईला दिवसभर सलत राहिला. आपल्या वाट्याला असा शब्द शेवटचा कधी आला होता, हे तिला आठवेना.

शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर द्वारकाबाईने ठरवून टाकले. यंदा म्हसोबाला सेपाचे रोडगे करायचे. आतला बियांचा गाभा कोरून त्यात गूळ आणि तीळ भरायचे, फळाभोवती कणीक लपेटायची. मग ती थोरलीकडे वळून म्हणाली, "गोजर, तू हिला आर दाखव. कधी घालायचं, कधी काढायचं, समदं."

गोजरबाईने बरे म्हटले. त्या रात्री मात्र तिला स्पष्ट दिसले की शिरा हिचा, मुरांबा हिचा, सासूचे हसणेही हिचेच झाले आहे, आता तळहाताचे ज्ञानही एकदा हिच्या हाती दिले की पुढच्या वर्षी पंगतीत "आर कुणाचा?" असे विचारले जाईल आणि सासूची मान दुसऱ्या बाजूला वळेल.

रविवारी बांधावरच्या बाभळीजवळ गोवऱ्या रचल्या. गोजरबाईने आपले साधे रोडगे वळून पळसाच्या पानांवर मांडले, शेजारी इंद्रायणीने आपले सेपाचे. जाळ वरून ओसरला होता, पण मधल्या गोवऱ्यांच्या पोटात तो अजून होता. निळसर जीभ मधूनच बाहेर येऊन पुन्हा आत जात होती. गोजरबाईला ती दिसत होती.

"बाई, घालू का आता?" इंद्रायणीने विचारले.

गोजरबाईने आरावर हात धरलाच नाही. "घाल," ती म्हणाली आणि हात धुवायला विहिरीकडे गेली. तिचा हिशेब सरळ होता. इंद्रायणी आपली फळे घालील, ती करपतील. मग आपण सावकाश येऊन, आर बसला की, आपले रोडगे एका अंगाला पुरू आणि मगच आर बंद करू.

विहिरीवर तिने हात धुतले, पाय धुतले, धुतलेले हात पुन्हा धुतले. परत आली तेव्हा पळसाची पाने रिकामी होती.

इंद्रायणीने सगळेच घातले होते. थोरल्या जावेचे आधी, आणि तेही मधोमध, कारण मान मध्याचा असतो आणि त्या जागी धाकटीने आपले ठेवणे बरे दिसले नसते. स्वतःची सफरचंदे तिने कडेकडेने लावली होती. वर निखारे ओढून तिने आर बंद केला होता, आणि नैवेद्याचा आर एकदा बंद केला की भाजून होईपर्यंत उघडायचा नाही, ही रीत तिला कोणी न शिकवताही ठाऊक होती. गोजरबाई तिथे उभी राहिली. काही वेळाने कणीक जळल्याचा वास सुटला. तिने आपल्या आयुष्यात हा वास आपल्या आरातून कधी घेतला नव्हता.

आर उघडला तेव्हा मधले रोडगे काळे ठिक्कर होते. द्वारकाबाईने एक फोडून पाहिला. आत कच्ची कणीक बोटांना चिकटली. कडेच्या रोडग्यांची वरची साल तेवढी करपली होती. ती काढल्यावर आतून वाफ आली, आणि गुळात विरघळलेले फळ कणकेत मुरलेले दिसले. नैवेद्याला तेच गेले. पंगतीलाही तेच वाढले गेले, अर्धे अर्धे करून. राजूरचे पाहुणे बोटे चाटत होते. मधले रोडगे बैलांपुढे टाकले, तर बैलांनीही एकदा हुंगून मान फिरवली, आणि यावर पाहुण्यांतला कचरू नावाचा एक थट्टेखोर गडी म्हणाला की जनावर शहाणे आहे.

"जाळ असताना घाल म्हणून कुणी सांगितलं?" द्वारकाबाईने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता.

इंद्रायणीने एकदा गोजरबाईकडे पाहिले. "माझीच घाई झाली," ती म्हणाली. "बाई विहिरीवर गेल्त्या."

गोजरबाई सुटली होती. आर तिचाच राहणार होता. धाकटीला पुन्हा कोणी हात लावू दिला नसता. तिने गप्प बसायचे, एवढेच उरले होते. पण पंगतीतल्या बायकांची नजर इंद्रायणीकडे कशी वळली ते तिने पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, माया होती. फळे हिची, नैवेद्य हिचा, आणि आता आपले पाप पोटात घालण्याचा मोठेपणाही हिचाच. सगळे गेले तरी हे मी हिला मिळू देणार नाही, असे तिच्या मनात आले, आणि कोणत्याही चांगुलपणाने नव्हे, निव्वळ जळफळाटाने ती बोलली.

"म्या घाल म्हणल्तं, आत्याबाई. जाळ दिसत व्हता मला."

भुजंग पत्रावळीकडे पाहत राहिला. मग द्वारकाबाई म्हणाली की पुढल्या साली आर इंद्रायणी लावील. गोजरबाईला हे अपेक्षित होते. ती ऐकून घ्यायला तयारही झाली होती.

"मला एकटीला न्हाई जमायचा," इंद्रायणी म्हणाली. "बाई जवळ असल्या तरच."

हेही तिने किती बरोबर म्हटले, याचाच गोजरबाईला पुन्हा राग आला.

त्यानंतर निजामाचे राज्य जाईपर्यंत आणि गेल्यावरही त्या दोघींनी म्हसोबाचा आर मिळून लावला. करंडी बहुतेक वर्षी आली, एखाद्या वर्षी आली नाही. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली त्यांना सख्ख्या बहिणी समजत. पंगतीत कोणी "आर कुणाचा?" असे विचारले की इंद्रायणी "बाईंचा" म्हणायला तोंड उघडी. गोजरबाई मात्र आधीच टपून बसलेली असे. प्रश्न पुरता होण्याच्या आत, तोंडातला घास गिळून, ती मोठ्याने सांगून टाकी की आज जे गोड लागते आहे ते इंद्रायणीच्या हातचे आहे. मग ती तिरक्या नजरेने धाकटीकडे पाही, आपण पहिल्या आलो याची खात्री करून घेई, आणि त्यानंतरच पुढचा घास उचली.