मेडशीच्या मांडवातलं व्हायोलिन

तर काल आपण गोष्टीत हेमसिंगला मेडशीच्या स्टँडवर एसटीतून उतरवून ठेवलं होतं. तिथून पुढे. जगदेवच्या पोराचं लग्न होतं, आणि जगदेव हा त्याचा मानोऱ्याच्या शाळेतला बाकावरचा सोबती. मांडव रस्त्याला लागूनच. ऑर्केस्ट्रा सुरू झालेला. जुन्या गाण्याच्या दोन कडव्यांमधला म्युझिक पीस चालला होता, नुसतं व्हायोलिन. हेमसिंग रस्त्यातच थबकला. असं वाजवणारा आपल्या जिल्ह्यात दुसरा कोण निघाला, म्हणून त्याला आधी कौतुकच वाटलं.

मग वरचा सूर आला. थेट न लागता थोडा खालून, सरकत सरकत वर चढला.

हेमसिंगनं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला तेव्हा कोयता लागून त्या हाताचं तिसरं बोट वाकडं राहिलं होतं. म्हणून त्याचा तो सूर नेहमी असाच खालून यायचा. वाजवणं त्याचंच होतं आणि तो मात्र हातात आहेराची पिशवी घेऊन रस्त्यात उभा होता.

कालच्याला जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. हेमसिंग मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. बोटाला कोयता लागल्यावर आईबापानं त्याला आजीजवळ, नानीबाईजवळ ठेवलं आणि शाळेत घातलं. मानोऱ्यात केशरीचंद शेठजींचं कापडाचं दुकान होतं. शेठजी मंदिरात पूजेला व्हायोलिन वाजवत, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या गादीवरसुद्धा. हेमसिंग पायरीवर येऊन बसायचा. एक दिवस शेठजींनीच आत बोलावलं. पुढं कितीतरी महिने नुसता गज तारांवर ओढायला लावला. बोट ठेवायचं नाव नाही. तांड्यावर सराव सुरू झाला की कुत्री रडायची. लग्न होऊन आलेली त्याची बायको धनीबाई अजून सांगते, "मले वाटलं, यायच्या घरात मांजर कोंडली हाय."

वाकड्या बोटापायी शेठजी आधी फार चिडायचे. एकदा गजाची काडीच मारली बोटावर. मग म्हणाले, "राहू दे. लोग उसी से पहचानेंगे."

पुढे शेठजींचा नातू पियूष यानं ऑर्केस्ट्रा काढला आणि हेमसिंग त्याचा व्हायोलिनवाला झाला. लग्नं, गणपती, जयंत्या. इंझोरीपासून पार पुसदपर्यंत. चमकीचं जाकीट घालून स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात बसायचा. लोक गायिकेला पाहायचे, पण म्युझिक पीसला पहिली शिट्टी हेमसिंगला असायची.

गेल्या दिवाळीनंतर शेठजींनी त्याला घरी बोलावलं. थकले होते, हात थरथरायचे. म्हणाले, "हेमसिंग, मी आता वाजवू शकत नाही. तुझं वाजवणं माझ्यापाशी राहू दे. एकेक पीस वेगळा वाजव, दुसरं वाद्य नको." वरच्या खोलीत खिडक्यांना रजया टांगल्या होत्या, पियूष रेकॉर्डिंगला लॅपटॉप घेऊन बसला होता. शेठजी समोर डोळे मिटून. हेमसिंगनं त्या दिवशी जसं वाजवलं, तसं कुठल्या स्टेजवर वाजवलं नव्हतं.

पुढच्या सीझनला पियूष म्हणाला, "काका, यंदा बुकिंगच नाही. लोक डीजे लावून राह्यले. आराम करा." त्याच आठवड्यात अकोल्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा, राजपालचा फोन आला, आमच्याकडे या म्हणून. हेमसिंगनं नाही म्हटलं. शेठजींचं घर सोडायचं कसं? धनीबाई म्हणाली, "बसा मंग, शेठजीची आरती वाजोत."

तर आता मांडवात चला. जगदेवनं त्याला पाहिलं आणि म्हणाला, "अबे, तू खाली काहून? तुमचाच ऑर्केस्ट्रा हाय ना!"

डाव्या कोपऱ्यात, त्याच्याच खुर्चीवर, त्याचंच जाकीट घालून पियूषच्या मोबाईल दुकानातला पवन बसला होता. हनुवटीखाली व्हायोलिन, आणि गज काय झोकात फिरवत होता. गाणं संपल्यावर पवन पाणी प्यायला खाली आला, तर समोर हेमसिंग. गज पवनच्या हातातच होता.

"आण बरं तो गज."

हेमसिंगनं गजाच्या केसांवरून बोट फिरवलं. गजाला राळ लावतात, तेव्हा तो तारेला धरतो आणि सूर निघतो. हा तर बुळबुळीत होता.

"साबण हाय काका," पवन खाली मान घालून म्हणाला. "आवाज निघाला त लफडं होईन म्हणे. वाजते सारं लॅपटॉपमधून. तुमीच त भरून देल्लं ना? पियूषभाऊ म्हणे, शेठजीनं तुमाले इचारलं हाय."

हेमसिंगनं गज परत दिला, आहेर जगदेवच्या हातात ठेवला आणि न जेवता निघाला. जगदेव मागून हाका मारत राहिला, पण बस लागलेलीच होती.

सकाळी तो शेठजींकडे गेला. शेठाणी पानाबाईंनी नेहमीसारखं गडव्यात पाणी आणलं. त्यानं ते घेतलं, प्यायला मात्र नाही. म्हणाला, "शेठजी, तुमाले मालूम होतं?"

शेठजींनी पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "पियूष म्हणत होता, माणसं कमी केल्याशिवाय ऑर्केस्ट्रा टिकत नाही. पोता है मेरा. मी मागितलं असतं तर तू नाही म्हटलं नसतंस, मला ठाऊक होतं. म्हणून मीच मागितलं." आणि एकदम शिकवणीच्या वेळच्या मायेनं म्हणाले, "नवीन गाण्यांचे पीस भरायचे राहिलेत, बेटा. तुझ्याशिवाय कोण वाजवणार? उद्या येशील ना?"

हेमसिंगनं गडवा खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही येत जी. राजपालले आज फोन लावतो, जागा भरली असंन त भरली. मी त्या दिवशी तुमच्यासाठी वाजोलं होतं. पियूषनं फसोलं असतं त तुमच्याजोळ सांगाले आलो असतो, शेठजी. तुमचं कोणाजोळ सांगू?"