भर दुपारची सोबत

देव न मानणाऱ्यातला मी नव्हतो, पण मानणाऱ्यातलाही नव्हतो. बायको संकष्टी करते म्हणून मीही एक वेळ उपाशी राहायचो, एवढीच माझी भक्ती. माझा धंदा बघण्याचा. पंचवीसएक वर्षं मी रस्त्यावरचे फोटो काढत आलोय. पोटासाठी लग्नं, बारशी आणि सोसायट्यांचे गणपती, जिवासाठी रस्ता. खारदांड्याला वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगांखालून वाकून जाणाऱ्या बायका, देवनारच्या वाटेवर टेंपोत उभ्या उभ्या झोपलेली माणसं, घाटकोपरला पुलाखाली आरशाचा तुकडा टांगून बसलेला न्हावी, जे दिसलं ते टिपलं. एकदा प्रदर्शन भरलं, एका मासिकाने चार पानं छापली, आणि तेवढ्या भांडवलावर मी बरीच वर्षं मिजाशीत काढली. ज्याच्यावर उजेड पडत नाही ते नाहीच, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो. ते आठवलं की आता हसू येतं.

माझी म्हणून एक खास पद्धत होती. मी आपला साळसूदपणे पुढे चालत राहायचो, मागून कोण येतंय याचा पावलांवरून अंदाज घ्यायचो आणि गर्रकन वळून फोटो काढायचो. मागून चालणाऱ्याने चेहरा सावरलेला नसतो, कारण आपल्याकडे कोणी बघतंय असं त्याला वाटतच नसतं. लोकांना आवडलेले माझे बहुतेक फोटो असे वळून काढलेले. माझ्या वडिलांना, तात्यांना, ही खोड अजिबात पसंत नव्हती. त्यांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही दिंडोशीच्या वसाहतीत राहायला आलो, पण तात्यांचा जीव कोकणातल्या गावातच अडकलेला. गावाच्या वेशीवर आमचा राखणदार आहे. ना मूर्ती, ना देऊळ. झाडाखाली एक दगड, आणि त्याच्यापुढे लोकांनी ठेवलेली घोंगडी, काठी आणि कातड्याच्या वहाणा. वाट चुकलेल्या माणसाला तो सोबत करतो, मागून चालत राहतो, पण वळून बघितलं तर तिथल्या तिथे सोडून जातो, असं तात्या मला लहानपणापासून सांगत. मी म्हणायचो, तात्या, मी वळलो नाही तर माझी चूल पेटायची नाही. ते रागावून पाठ फिरवत.

पुढे त्यांचं एकेक पुसत गेलं. आधी शेजाऱ्यांची नावं, मग भाज्यांची, मग माझं. सुनेला ते ओळखत, पण मी कोण ते त्यांना सांगता येईना. घरात कॅमेऱ्याच्या पिशव्या बघून त्यांनी मला 'फोटोवाले' म्हणायला सुरुवात केली, आणि बोलताना अहो-जाहो करू लागले. जेवताना मला पाहुणा समजून सुनेला हळूच विचारत, ह्ये अजून किती दिवस रवतले? ती हसण्यावारी न्यायची. मी वरवर हसायचो, पण फार लागायचं ते मला. रोज सकाळी ते एक पिशवी घेऊन दाराशी उभे राहत आणि "गावाक जातंय" म्हणून सांगत, आणि रोज कोणीतरी त्यांना गोड बोलून परत आणून बसवत असे.

मे महिन्याचे मधले दिवस होते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच संपते, माणसांची पायाखाली जाते. फोटोवाल्याला ही वेळ नकोशी, सगळं कसं चपटं आणि मेलेलं दिसतं. म्हणून मी खारदांड्याहून लवकर परतलो होतो. आंघोळ करून बाहेर येतो तर दार सताड उघडं, आणि तात्या घरात नाहीत. कॅमेरा सवयीने गळ्यात अडकवला आणि तसाच खाली धावलो. वॉचमन नवा, त्याला काही सांगता येईना. त्याला दाखवायला मी मोबाईल उघडला, तर त्यात शेकडो परक्या माणसांचे चेहरे, आणि तात्यांचा एकही ताजा फोटो नाही. माझ्या लग्नातला सापडला, काळ्याभोर केसांचा. तो बघून वॉचमन म्हणाला, हा माणूस इथे राहत नाही.

बायको मुलुंडला बँकेत असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "पोलिसांचं मी बघते. तू शोध फक्त. डॉक्टरांनी सांगितलंय ना रे, उन्हात पाणी मिळालं नाही तर त्यांच्या किडन्यांची वाट लागेल. थांबू नकोस." शेजारची दोन माणसं बस डेपोच्या बाजूला गेली, मी हायवेच्या दिशेने निघालो. वसाहत एवढी मोठी, पण त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्या बंद, दुकानांची शटरं अर्धी खाली, कुत्रीही गाड्यांखाली शिरलेली. मी हाका मारत होतो आणि त्या भिंतींवर आपटून परत येत होत्या. माझ्याच आवाजाची मला भीती वाटायला लागली.

हायवेच्या रस्त्यालाच एक वाट फुटून वसाहतीमागच्या टेकडीकडे चढते, पुढे जंगलाची हद्द लागते. तिच्या तोंडाशी मी क्षणभर थांबलो. तेव्हा मागून नव्या वहाणांची करकर ऐकू आली, कातडं मुरलेलं नसलं की येते तशी. आणि माझ्या पुढ्यात, तापलेल्या डांबरावर एक सावली पडली. माझी सावली माझ्या पायांखाली होती, मी बघून खात्री केली. ही लांब होती. रुंद खांदे, डोक्यावर काही पांघरल्यासारखं, हातात उंच काठी. सूर्य डोक्यावर असताना अशी सावली पडत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. ते ऊन अंग भाजत होतं आणि माझ्या पाठीवर काटा उभा राहिला होता. मी हायवेकडे चार पावलं टाकली, तर करकर थांबली आणि पुढ्यातली सावलीही गेली. पुन्हा टेकडीच्या वाटेला लागलो, ती आली.

हात आपोआप कॅमेऱ्यावर गेला होता. इतक्या वर्षांची सवय, मान निम्मी वळलीसुद्धा असेल. त्या क्षणी मला तात्यांचं सांगणं आठवलं, आणि त्याहून जास्त तात्या आठवले, कुठेतरी कोरड्या तोंडाने बसलेले. मी कॅमेरा सोडून दिला. म्हटलं, तू कोण असशील तो अस, मी बघत नाही, पण माझा म्हातारा मला दे. असं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. मग मी चालत राहिलो. फाटा आला की सावली ज्या बाजूला कलायची त्या बाजूला वळायचो. वाटेत एक चढ असा आला की माझा दम उखडला, मी गुडघ्यांवर हात ठेवून थांबलो, तर मागची पावलंही थांबली. कोणीतरी संथपणे श्वास घेत होतं. मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.

करवंदीच्या जाळीपाशी, कोरड्या ओढ्याच्या काठावर तात्या एका खडकाला टेकून बसले होते. पिशवी मांडीवर, चप्पल एकाच पायात. मी जवळ गेलो, तशी ती सावली आम्हा दोघांवर आली आणि तिथे खरोखर गारवा झाला. तात्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, बरंच वर, उंच माणसाकडे बघावं तसं. त्यांनी हात जोडले. कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवत ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. मी त्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. थोड्या वेळाने मानेला ऊन चटका देऊ लागलं. करकर काही ऐकू आली नाही. तात्यांच्या ओठांना हात लावला तर ओठ ओले, सदऱ्याची गळपट्टी भिजलेली. जवळ बाटली नव्हती, आणि ओढ्यात थेंब नव्हता.

त्यांना पाठुंगळी घेऊन मी खाली आलो. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि अंगात पाणी बरं आहे म्हणाले. वेळेवर प्यायले म्हणून वाचले, नाहीतर कठीण होतं. संध्याकाळी बायकोने त्यांना भरवता भरवता विचारलं, तात्या, पाणी कोणी दिलं हो तुम्हाला?

"दिल्यान तेनी," तात्या म्हणाले. "माका म्हणालो, उठा नको. तुझो झील येता हा."

झील म्हणजे मुलगा. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. त्या दिवशी काय झालं याचा अर्थ मला विचारू नका. मी लावायचा प्रयत्न केला नाही, आणि कोणी लावून दिला तर ऐकणारही नाही. उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एवढं मात्र खरं की डोळ्यांवरची माझी घमेंड उतरली. जे दिलं ते घ्यावं, देणाऱ्याचं तोंड बघायचा हट्ट धरू नये, एवढं मला समजलं, आणि ते समजल्यावर मी फार हलका झालो. अजूनही फोटो काढतो. समोर येईल त्या माणसाला विचारून काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खुर्चीत बसले होते. मला बघून सावरून बसले आणि नेहमीसारखं विचारलं, तुमी कोण? मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण नाही वाटलं. मी म्हटलं, मी इथलाच, चहा घेणार ना? त्यांनी मान डोलावली. मी त्यांचा कप भरला, माझा भरला. तेव्हा ते माझ्या खांद्यावरून मागे, बरंच वर बघत प्रेमाने हसले.

"तेंकाय चाय द्या," ते म्हणाले.

मी वळून बघितलं नाही. मग मी मनोमन नमस्कार केला आणि तिसरा कप भरला.