कापड घालून बघ

माझ्या बायकोला माहेरी सगळे मिस्त्रीण म्हणतात. हे नाव तिने कमावलेलं आहे, आणि त्यावरून कुणी हसलं तर ती त्याच्याकडे असं बघते की हसू ओठांवरच सुकतं.

सासऱ्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. दहा बाय बाराची खोली, तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर पोट उघडं टाकून पडलेली मशीनं आणि मधोमध दोन स्टुलं. एक सासऱ्यांचं, एक हिचं. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात आणि ही स्टुलावर. आठवीत असताना सुई डाव्या हाताच्या तर्जनीतून आरपार गेली. सासूबाईंनी रडून दुकान डोक्यावर घेतलं. हिने फक्त विचारलं, "बाबा, सुई तुटली का?" ही गोष्ट सासरे मला दर भेटीत सांगतात आणि मी दर भेटीत पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करतो. जावई झालं की एवढं करावं लागतं.

त्या दुकानात नियम एकच. कुणी मशीन आणलं की ते रिकामं चालवून बघायचं नाही. "रिकामं मशीन कुणाचंही गोड चालतं," सासरे म्हणतात. "कापड घालून बघ. आणि कापडही तेच, जे गिऱ्हाईक शिवतं." गादीवाल्याचं मशीन असेल तर गादीचं जाडं कापड, झबली शिवणारीचं असेल तर झबल्याचं. त्या नियमावर ही मोठी झाली.

मी लिफ्टचा इंजिनियर. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा मला परदेशात नोकरी लागली. ही बरोबर यायला तयार झाली, पण अट घालून. "सहा महिने," ती म्हणाली. "तेवढ्यात माझ्या हाताला काम लागलं तर राहीन. नाहीतर मी परत जाऊन स्टुलावर बसेन. तू सुट्टीत भेटायला ये." मला वाटलं, चेष्टा करतेय. मग बॅगा भरताना नऊ किलो वजन तिच्या हत्यारांच्या पेटीला गेलं आणि माझा हिवाळ्याचा कोट मागे राहिला, तेव्हा डोळे उघडले. आम्ही निघताना सासरे हिला एवढंच म्हणाले, "तुझं स्टूल मी हलवत नाही."

कंपनीने आम्हाला तीन महिन्यांसाठी ऑफिसजवळ एक फ्लॅट दिला होता. सगळं पांढरं: भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, हात लावायची भीती. मी सकाळी आठला जायचो, ती दिवसभर खिडकीत. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आलो तर ती बेसिनपाशी उभी राहून स्वतःची नखं बघत होती.

"काय झालं?"

"स्वच्छ झाली," ती म्हणाली.

मशीनच्या तेलाची बारीक काळी रेघ तिच्या नखांत कायम असायची. आमच्या लग्नाच्या फोटोतही आहे. फोटोग्राफरने पुसून देऊ का विचारलं होतं, तर त्याला चांगलं ऐकून घ्यावं लागलं. ती रेघ आता गेली होती.

फ्लॅट सोडायला दहा दिवस उरले. इथे घराचा करार वर्षाचा असतो आणि मधे मोडता येत नाही. म्हणजे चुकीच्या वस्तीत घर घेतलं की अटीतले उरलेले तीन महिने तिथेच सडणार आणि बायको विमानात बसणार. चूक करायला जागाच नव्हती, म्हणून मी काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं होतं. पहिल्याच महिन्यात तक्ता तयार केला. अकरा वस्त्या, चौदा मुद्दे: ऑफिसचं अंतर, दवाखाना, शांतता, हवा, बाग, पार्किंग. आमच्याकडे गाडी नव्हती, पण मुद्दा राहायला नको. दर रविवारी एक-दोन वस्त्या पायाखाली घालायच्या आणि घरी येऊन मी गुण द्यायचे.

पहिली आली नदीकाठची उंच इमारतींची वस्ती, ब्याण्णव गुण. तिथली लिफ्ट अशी, की हातात भरलेला पेला धरून एकविसाव्या मजल्यावर गेलात तरी थेंब सांडणार नाही. मी उगाच दोनदा वर-खाली केलं. दलालाने ओळखलं की मासा गळाला लागला. गुरुवारी पाच वाजता सही करायची ठरली. शेवटून दुसरी आली रेल्वेच्या गोदामांमागची जुनी वस्ती, एक्केचाळीस गुण. रविवारी तिथे सगळी शटरं खाली होती आणि रस्त्यावर एक मांजर. शेऱ्याच्या रकान्यात मी 'उजाड' लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी मी हा तक्ता हिला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला आणि विचारलं, "हे आपण कुठल्या कुठल्या दिवशी बघितलं?"

"रविवारी. सुट्टी तेव्हाच असते."

"सगळंच?"

"सगळंच. सगळ्यांना सारखा न्याय."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "अरे, म्हणजे अकराच्या अकरा आपण रिकाम्या चालवून बघितल्या."

मला राग आला. इतके रविवार तंगडतोड केली, तेव्हा ही काही बोलली नव्हती. "वस्ती म्हणजे काय शिलाई मशीन आहे का?" मी म्हणालो.

"बरं. तू लिफ्टची चाचणी कशी घेतोस?"

लिफ्ट रिकामी तपासत नाहीत. आत लोखंडी वजनं रचायची, पूर्ण भार द्यायचा, मग वर-खाली करून बघायचं. त्या चाचणीच्या कागदावर गेली सहा वर्षं माझी सही असते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! तरी मी आणखी दहा मिनिटं भांडलो, कारण हरलेल्या माणसाला तेवढंच उरतं. मग बुधवारची रजा टाकली.

बुधवारी साडेदहाला आम्ही माझ्या ब्याण्णव गुणांपाशी पोचलो. ही फाटकासमोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आता बघू." पाऊण तास बघितलं. माणसं सकाळीच कामाला गेलेली, ती थेट संध्याकाळी उगवणार. पाऊण तासात एक पार्सलवाला आला, पहारेकऱ्याने दोन जांभया दिल्या आणि एक बाई कुत्रं फिरवून परत आत गेली. कुत्र्याने हिच्याकडे बघितलं, बाईने नाही.

"इथे संध्याकाळपर्यंत मी कुणाशी बोलू? लिफ्टशी?"

"लिफ्ट चांगली आहे," मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं.

दुसऱ्या नंबरची वस्ती रविवारी इतकी शांत होती की मी शांततेला पैकीच्या पैकी दिले होते. बुधवारी तिथे ट्रक बंपरला बंपर लावून उभे होते आणि आम्हाला रस्ता ओलांडायला नऊ मिनिटं लागली. तिसरीतली बाग कुलूपबंद. ती फक्त रविवारी उघडतात. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. एक वाजेपर्यंत माझा तक्ता लोळागोळा झाला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि उद्या सही होती. ही मात्र ताजीतवानी. "आता तुझी ती उजाड," ती म्हणाली.

गोदामांमागच्या रस्त्यावर वळलो आणि मला वाटलं पत्ता चुकला. सगळी शटरं वर होती. सोफे दुरुस्त करणारा फुटपाथवर एक सोफा उलटा टाकून त्याच्या स्प्रिंगा बसवत होता. एक बाई पडद्यांचा गठ्ठा डोक्याच्याही वर जाईल असा छातीशी धरून, वाट अंदाजाने काढत चालली होती. दोन माणसं एका शिडीवरून भांडत होती आणि शिडी तिसऱ्यानेच धरली होती. ही एकदम थांबली.

"ऐक."

मी ऐकलं. इतकं काही ऐकू येत होतं की काहीच कळेना.

"कुठलंतरी मशीन टाके सोडतंय," ती म्हणाली आणि चालू लागली.

गल्लीच्या टोकाला कपडे आखूड-सैल करून देणारं दुकान होतं. साठीची दुकानवाली, चष्मा कपाळावर, पुढ्यात मशीन, मशीनखाली जीनची पँट आणि तोंडात शिव्या. इथली भाषा मला मोडकीतोडकी येते, पण शिव्या आधी समजतात. मी सांगितलं की माझी बायको मशीन दुरुस्त करते. दुकानवालीने हिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर हातांवर थांबवली. स्वच्छ, धुतलेले हात.

"ही?" ती म्हणाली. "आमचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. त्याने चालवून दाखवलं तेव्हा लोण्यासारखं चाललं. तो गेला की पुन्हा हेच."

मी हे मराठीत सांगितलं. हिने विचारलं, "त्याने चालवून दाखवलं तेव्हा खाली कापड कसलं होतं?"

दुकानवालीने आठवलं, टोपलीत हात घातला आणि अस्तराची एक पातळ चिंधी वर धरली. आणि मिस्त्रीण हसली. अडीच महिन्यांत मी तिचं ते हसू बघितलं नव्हतं. मला भर दुकानात रडू यायचं बाकी राहिलं.

पण दुकानवाली जागची हलेना. "परक्या माणसाला मी मशीनला हात लावू देत नाही," ती म्हणाली. खरं सांगायचं तर मीही दिला नसता. मी "चल, जाऊ या" म्हणणार, एवढ्यात हिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. नखाच्या बाजूला तो जुना, सुईएवढा पांढरा डाग. दुकानवालीने चष्मा नाकावर ओढला आणि डाग नीट बघितला. मग तिने स्वतःचं डावं बोट त्याच्या शेजारी धरलं. त्यावरही तोच डाग, तिथेच. माझ्या भाषांतराची कुणाला गरज उरली नाही. बाई खुर्चीतून उठली.

हिच्या पर्समध्ये इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असावा तसा स्क्रूड्रायव्हर असतो. तिने तीच जीनची पँट मशीनखाली सरकवली, चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि खाली वाकून बघितलं. "खालच्या शटलचं, दोरा पकडणारं टोक सुईपाशी उशिरा पोचतंय," ती मला म्हणाली. "पातळ कापडात खपून जातं. जाड्यात टाका सुटतो. टॉर्च धर. नीट धर रे!" एक स्क्रू सैल केला, काहीतरी केसभर सरकवलं, घट्ट केला, पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा सैल केला. वीस मिनिटं मी टॉर्च धरून उभा होतो आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मग तिने पायडल दाबलं. सुई पँटच्या चारपदरी शिवणीवरून सरळ पार गेली.

दुकानवालीने पँट उलटी करून खालच्या बाजूचे टाके बघितले, त्यावरून नख ओढलं. एकही सुटला नव्हता. ती दारात गेली आणि गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी ओरडली. सोफेवाला हातोडी घेऊनच आला. त्याचं मशीन चामड्यावर अडत होतं. पडदेवाली आली. जोडे शिवणारा आला. लिफ्टसमोर रांगा मी रोज बघतो, बायकोसमोर रांग त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि माझी छाती इंचभर वर आली ती अजून खाली गेलेली नाही.

कुठे राहता, दुकानवालीने विचारलं. घर शोधतोय म्हटल्यावर तिने बोट वर केलं. तिच्या नणंदेच्या दोन खोल्या वर रिकाम्याच होत्या.

"कितवा मजला?"

"चौथा."

"लिफ्ट?"

सोफेवाल्याने माझा प्रश्न बाकीच्यांना मोठ्याने पुन्हा सांगितला आणि सगळे माझ्यावर मनसोक्त हसले. मी चार जिने चढून खोल्या बघितल्या. खिडकीतून अख्खी गल्ली दिसत होती, कामात बुडालेली. खाली उतरून दलालाला फोन केला. "पण तुम्हाला लिफ्ट किती आवडली होती!" तो म्हणाला. आवडली होतीच. मी त्याला तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

याला चार वर्षं झाली. आता त्याच इमारतीच्या तळमजल्यावर हिचं स्वतःचं दुकान आहे, फळ्यांवर उघड्या पोटाची मशीनं आहेत आणि रोज चार जिने चढून माझे गुडघे बोलतात. पण मला सांगायचा आहे तो त्या बुधवारच्या दुपारचा फोन. जोडेवाल्याचं मशीन दुरुस्त करून झालं तेव्हा हिने सासऱ्यांना स्पीकरवर फोन लावला. काही बोललीच नाही. नखांत तेल भरलेल्या हाताने फोन दुकानवालीच्या मशीनजवळ धरला आणि पायडल दाबलं. मशीन चालत राहिलं. पलीकडे सासरे ऐकत होते.

"कापड आहे ना खाली?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा. जाडं आहे."

ते आणखी थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग राहा तिथेच. मी उद्यापासून तुझ्या स्टुलावर पाय ठेवून बसतो."