दोरीच्या आतलं पीक

पीक कापणी प्रयोगात कापलेलं धान्य वजन करून शेतकऱ्याला परत द्यायचं असतं. आपल्याकडे राहतात ते किस्से. नव्वदच्या दशकात आणि त्यापुढेही मी जुन्नर-आंबेगावात कृषी सहायक होतो. टेपचं दुसरं टोक धरायला माझा जोडीदार हांडे, आणि आमच्यावर देशमाने साहेब. आता तिघंही रिटायर झालोय. पण चहाला बसलो आणि एकानं एक किस्सा काढला, की बाकीचे मागोमाग येतात.

काम तसं सोपं. गावातून एखादा गट नंबर निघायचा. त्या शेतात जायचं, तक्त्यातल्या आकड्यानं जागा येईल तिथं दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी बांधायची. पीक तयार झालं की दोरीच्या आतलं तेवढं कापायचं, झोडायचं, वजन लिहायचं. असल्या तुकड्यांवरून गावाचं उत्पन्न ठरतं, मग तालुक्याचं, मग पार देशाचं.

*

निरगुडसरला बाबूराव म्हणून एक शेतकरी होते. त्यांच्या बाजरीत आमचा तुकडा आला तो नेमका बांधाकडेच्या खुरट्या पिकात.

"खुंटी जरा अल्याड घ्या की राव," बाबूराव म्हणाले. "ही बाजरी बघून लोक म्हनतील, बाबूरावाला शेती येत न्हाई."

खुंटी हलवता येत नाही. जिथं आला तिथंच कापला. बाबूरावांनी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

पुढं पीकविमा आला. गावाचं उत्पन्न कमी भरलं तर भरपाई मिळणार. त्याच बाबूरावांच्या शेतात पुन्हा नंबर निघाला, आणि या खेपेला तुकडा आला रानाच्या मधोमध, टपोऱ्या कणसांत. बाबूराव आमच्या मागं मागं फिरत होते.

"खुंटी जरा पल्याड घ्या की राव. बांधाकडं लई खुरटी बाजरी हाय. तिच्याकडं कुनी बघतच न्हाई."

*

एकदा ऐन हंगामात आमचा वजनकाटा बिघडला. हांडे घोडेगावच्या शांतिलाल शेठकडे गेला. शेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या बाजारपेठेत धान्याचं दुकान. शेठ म्हणाले, "काटा देतो. पण काटा जाईल तिथं मी येणार."

आणि आले. मोटरसायकलवर हांडेच्या मागं, मांडीवर काटा घेऊन. शेतात पोचल्यावर बाजरी झोडली, शेठनी स्वतः वजन केलं, आम्ही लिहून घेतलं आणि पोतं मालकाच्या हवाली केलं. मालक पोतं उचलताना थांबला.

"शेठ, तुमच्या काट्यावर माल चढला आन् माल माझ्याच घरी चालला, असं आज पयल्यांदाच झालं बगा."

सगळ्यात जास्त हसले ते शेठ.

*

येडगावला कागदावर बाजरीचा गट होता. आम्ही गेलो तर समोर ऊस, डोक्याच्या वर. मालक पाटाचं पाणी वळवत होता.

"बाजरी कुठंय?" मी विचारलं.

"व्हती की. मागल्या साली."

"आणि आता?"

"आता पानी आलं, भाऊ. बाजरी दुकानातनं आनतो. तुमी तितं जाऊन मोजा."

हांडेनं टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

*

पुण्याला एका ट्रेनिंगमध्ये पडद्यावर आलेख लावला होता. गरीब, अन्नाची टंचाई असलेल्या देशांमधलं राय नावाच्या पिकाचं हेक्टरी उत्पन्न, वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं त्याचा. देशमाने साहेबांनी वहीत 'मोहरी' लिहिलं. हांडे माझ्या कानाशी लागला, "फोडणीवर एवढे देश जगतात?"

मग शिकवणाऱ्या सरांनीच खुलासा केला. राय म्हणजे राई नव्हे. ते थंड मुलखातलं धान्य, गव्हाच्या जातीचं, त्याचा पाव करतात. साहेबांनी गुपचूप खाडाखोड केली.

पडद्यावर रेघा वर चढत होत्या, खाली येत होत्या. एक रेघ मात्र कितीतरी वर्षं आडवी, पट्टीनं ओढल्यासारखी. हांडेनं हात वर केला. "सर, हितं ना दुष्काळ, ना सुकाळ. असं कसं?"

सर म्हणाले, "त्या वर्षांत तिथं मोजायला कुणी गेलं नसावं. मागचाच आकडा पुढं लिहीत गेले असतील."

हांडे खाली बसला. परतताना मंचर आलं. उतरता उतरता म्हणाला, "म्हंजे तिथला हांडे रजेवर व्हता."

*

आता डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावाचं सांगतो.

त्या साली पाऊस मधेच गेला होता. डोंगरउतारावरची नाचणी गुडघ्याएवढीच राहून वाळली. गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानानं रुपयाला किती पैसे पिकलं तो हिशेब, पन्नासच्या आत आली तर टंचाई जाहीर होणार, गावात कामं निघणार, पोरांची फी माफ होणार. त्या गावात नाचणीचे आमचे दोनच तुकडे, आणि पैसेवारी त्यांच्यावरूनच ठरणार. एक रानडुकरांनी लोळून संपवला, तो बाद झाला. राहिला एक, पारूबाईच्या शेतातला. एकटी बाई, घराला लागून उतारावर जमिनीचा पट्टा. दोरी बांधताना मी तिला सांगितलं होतं, "मावशी, याला हात लावू नका. आम्ही येऊन कापू. हे सरकार बघणार आहे."

कापणीच्या दिवशी देशमाने साहेबही आले. सरपंच आणि गावातली चार माणसं आधीच बांधावर बसली होती. आम्ही वर चढलो आणि उभेच राहिलो. सगळं शेत करपलेलं, आणि दोरीच्या आत नाचणी दाट, कणसांनी वाकलेली.

सरपंच पुढं झाले. "पारूबाय, ह्याला पानी घातलंस?"

"घातलं की. खालनं हंड्यानं आनून."

"आन् बाकीच्याला?"

"समद्याला कुटनं पुरायचं?"

"मग ह्यालाच का?"

पारूबाईला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "सरकार बघनार म्हनले सायेब. घरी पावणं येनार म्हनल्यावर आपन चांगलंच वाढतो ना."

वेगळं पाणी घातलेला तुकडा धरत नाहीत, हा नियम देशमाने साहेबांना तोंडपाठ होता. त्यांनी विळ्याकडे बोट दाखवलं. आम्ही कापलं, झोडलं. पारूबाईनं सुपानं पाखडून दिलं, एक दाणा बाहेर जाऊ दिला नाही. हांडेनं काटा धरला आणि वजन वाचलं, नेहमीपेक्षा हळू आवाजात.

मी पेन काढलं आणि सरपंचांकडे पाहिलं. ते खाली, आपल्या वाळलेल्या रानाकडे बघत होते. पारूबाई सूप हातात घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "बरं पिकलंय न्हवं?"

सरपंच तिच्याकडे वळले. "लई बरं पिकलंय," ते म्हणाले.

मग मला म्हणाले, "लिवा."