जर्मन लाल होत नाही

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो लग्नाच्या आधीपासून आहे. मी विहिरीत डोकवायला भीत असे, स्टोव्हला पंप मारायला भीत असे, आणि एसटीत बसले की ड्रायव्हरला डुलकी लागत नाही ना, म्हणून त्याच्या मानेवरची नजर काढत नसे. अशा बाईला नवरा मिळाला तो फॅब्रिकेशनवाला. शहापूर सोडून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आणि घराला चिकटूनच ह्यांची शेड. भिंतीच्या पलीकडे खिडक्यांच्या ग्रील आणि गेटं तयार व्हायची, अलीकडे मी भाकऱ्या थापत देवाचं नाव घेत बसायची.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. एका गेटाला ग्राइंडर मारताना किरची उडाली आणि ह्यांचा डावा डोळा गेला. काळा चष्मा जवळच होता, कपाळावर. डॉक्टर म्हणाले, उरलेल्याला जपा. हे घरी आले, खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "देव हुशार हाय गो. स्टेपनी देऊन ठेवली व्हती."

"आता स्टेपनी लागली ना," मी म्हटलं. "आता पंक्चर झाली म्हंजे?"

ते हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या भीत्या गोळा होऊन एकाच जागी येऊन बसल्या, ह्यांच्या उजव्या डोळ्यावर. घरात लाइट गेली तरी मी आधी ह्यांच्या तोंडाकडे बघायची.

एखादा माणूस एवढ्यावर शहाणा झाला असता. ह्यांना गाडी बनवायची हुक्की आली. टोकावड्याला एका धाब्याच्या मागे लष्कराच्या लिलावातून आलेला छोटा ट्रक कितीतरी वर्षं पडून होता. चारी चाकांना इंजिनाचा जोर जाणारा. इंजिन आणि खालचा सांगाडा शाबूत, वरचं सगळं गंजून गळालेलं, आणि त्यावर धाबेवाल्याच्या बायकोने दुधीचा वेल चढवलेला. हे तो सांगाडा ट्रॅक्टरला बांधून मुरबाडवरून घरी घेऊन आले. वेलाचा एक तुकडा अजून लोंबत होता. डोळखांबच्या पलीकडे पाड्यांवर पावसाळ्यात टेम्पो जात नाही, भाताची पोती आणि आजारी माणसं खांद्यावरून आणावी लागतात. "बैल जातो तिथं ही जाईल," हे म्हणाले. मी मनात म्हटलं, बैलाला दोन डोळे असतात.

वरची बॉडी लोखंडाची करायची नव्हती. लोखंड जड, आणि आमच्याकडच्या पावसात चार वर्षांत त्याची चाळण होते. मुरबाडच्या भंगारवाल्याकडून ह्यांनी मोडीत निघालेल्या बसचे अॅल्युमिनियमचे पत्रे आणले. एका अंगाला लाल रंग तसाच होता. आमच्याकडे अॅल्युमिनियमला कोणी अॅल्युमिनियम म्हणत नाही. जर्मन म्हणतात. टोप जर्मनचा, डबा जर्मनचा. त्यामुळे गावभर झालं की हे जर्मनची गाडी बनवतायत, आणि दोनचार माणसं खरोखर परदेशी गाडी आली समजून बघायला येऊन गेली. शेजारची म्हातारी काकू मात्र बरोबर समजली होती. ती दारात उभी राहून मला म्हणाली, "जर्मनच्या टोपात भात पन करपतो गो. आन् तुजा घरवाला त्यात बसून जानार?"

चाकांवरच्या मडगार्डला गोलाई हवी होती. त्यासाठी माझं उखळ गेलं. उखळाच्या खळग्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत खोलगट करायचा. माझा साबणही गेला. कारण पत्रा कडक असला तर ठोकताना चिरतो, आधी तो तापवून मऊ करावा लागतो. कपड्याचा साबण पत्र्यावर घासायचा, मागून गॅसची ज्योत फिरवायची आणि साबण काळा पडला की थांबायचं. "साबन सांगतो, आता बास," हे म्हणायचे. साबण सांगतो तोवर मला काही वाटत नव्हतं. भीती होती ती दोन पत्रे जोडताना. जोडावर साबण लावला तर पत्रे एकमेकांना धरत नाहीत.

लोखंडाचं बरं असतं. ते आधी लाल होतं, मग पिवळं पडतं, मग वितळतं. सांगून सवरून. जर्मन लाल होत नाही. दिसायला शेवटपर्यंत जसाच्या तसा, थंडगार वाटेल असा पांढरा, आणि पुढच्या क्षणी तिथे भोक. खाली वितळलेला रस टपकतो तो पायावर, मांडीवर, कुठेही. ह्यांचा सगळा जन्म लोखंडात गेलेला. शिवाय एका डोळ्याच्या माणसाला जवळ-लांब नीट कळत नाही. हे चहाचा कप ठेवायचे तो कधीकधी टेबलाच्या अलीकडेच. तोच माणूस ज्योत पत्र्यापासून किती लांब आहे ते अंदाजाने धरत होता, आणि बरोबर दिसावं म्हणून तोंड दर वेळी आणखी जवळ नेत होता.

पहिल्या दरवाजाला तीन भोकं पडली तेव्हा मी भाकरीचं पीठ तसंच ठेवून शेडमध्ये गेले आणि दुसरा काळा चष्मा लावून बाजूला उभी राहिले. हे म्हणाले, "तू काय करनार?" मी म्हटलं, "बघनार."

आणि मला दिसलं. वितळायच्या जरा आधी पत्र्याची चमक मंद होते आणि वर एक पातळ सुरकुती धरते. तापलेल्या दुधावर साय धरते ना, तशीच. दूध उतू जाण्याच्या वेळेला चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला ती सुरकुती शिकवावी लागत नाही. मी ओरडले, "बास!" ह्यांनी ज्योत उचलली. जोड बसला होता.

तेव्हापासून माझी नेमणूक झाली. दरवाजे, बॉनेट, मागचा हौदा, सगळ्या जोडांना मी शेजारी उभी. पण मी पडले भित्री. साय धरली की ओरडायचं, तर साय धरेल असं नुसतं वाटलं तरी मी ओरडायला लागले. मग ह्यांचं तोंड फार जवळ गेलं म्हणून बास. ठिणगी उडाली म्हणून बास. एकदा तर मांजर आडवं गेलं म्हणून. "तुझं बास ऐकत बसलो ना, तं गाडी पुडच्या जन्मी व्हईल," हे म्हणायचे. हळूहळू ते माझ्या ओरडण्याचा अंदाज घेऊन काम करायला लागले. मी ओरडले की आणखी थोडं थांबून ज्योत उचलायचे. ते मला कळत होतं. पण भीती कमी कशी करायची हे काही मला कळत नव्हतं.

डिझेलची टाकीही ह्यांनी त्याच पत्र्याची केली. भर उन्हाळ्यात, एक दरवाजा बाकी असतानाच, ती गाडीला बसवली, डिझेल भरलं, इंजिन चालू झालं. सगळी आळी टाळ्या वाजवायला आली. दोन दिवसांनी टाकीच्या एका जोडातून थेंब गळायला लागला. टाकी उतरवून डिझेल काढलं. आता तो जोड पुन्हा गॅसने लावायचा. डिझेल राहिलेल्या टाकीला ज्योत लावायची तर आत पाणी भरावं लागतं, अगदी जोडाच्या खालपर्यंत, म्हणजे आत डिझेलची वाफ साठून भडकायला जागा राहत नाही. हे मला ह्यांनीच सांगितलेलं. ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

पण उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरने येतं. माझं माहेर सापगावचं, नदीकाठचं. हंडे मोजून पाणी वापरायचं हे मी सासरी शिकले. टँकर आला की बायका भांडतात, हंड्याला हंडा आपटतो, आणि घरी आणलेलं पाणी सोन्यासारखं पुरवायचं. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. मी म्हटलं होतं, टाकीसाठी हवं तेवढं घ्या. हे स्वतः उठून पाणी भरायला गेले, आणि घरातल्या हंड्यांकडे बघून ह्यांना माझी दया आली. संसारात ह्या माणसाने पाण्याची काटकसर एकदाच केली, ती तेव्हा. टाकी निम्मी भरली आणि म्हणाले, "हां, चल. चष्मा लाव."

मला वाटलं, भरली असेल. ज्योत पेटली. जोडावर काहीतरी चिकटलं होतं म्हणून ह्यांनी हातोडीने टाकीला दोन हलके ठोके मारले. तो आवाज मी ओळखला. हंडा किती भरला ते बाई आत न बघता सांगते. भरलेला हंडा बसका वाजतो आणि निम्मा घुमतो. टाकी घुमली.

"बास!" मी ओरडले. "अहो, बास!"

ह्यांच्या ओठांवर नेहमीचं हसू आलं, ते मला दिसलं. आणि ज्योत तिथेच राहिली.

फार मोठा आवाज झाला नाही. कोणी जाड गोणी जमिनीवर आपटावी तेवढाच. टाकीचा वरचा पत्रा उघडला, पाण्याचा आणि आगीचा एक लोळ वर गेला आणि ह्यांचा चष्मा शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला. हे मागे पडले होते, दोन्ही हात तोंडावर. भुवया नव्हत्या. मी पाण्याचा हंडा उचलला आणि सगळा ह्यांच्या डोक्यावर ओतला, मग दुसरा. हे एकच बोलत होते, "दिसत नाय गो. दिसत नाय."

शहापूरला डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि पट्टी काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. घरी आल्यावर हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी भरवायची, हात धरून बाहेर न्यायची. आयुष्यभर मी नुसती कल्पनेने भ्यायले होते. आता भ्यायचं ते समोर घडून बसलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला येत नव्हतं. काकू येऊन बसायची, माझी भाजी निवडून द्यायची. गाडी दारात उभी होती, एका दरवाजाशिवाय. मी तिच्याकडे बघत नसे.

एका दुपारी हे म्हणाले, "तू वरडलीस ते मला ऐकू आलं व्हतं."

मी ताट पुढे ओढून भात कालवायला घेतला.

"म्हटलं, नेहमीचंच."

मी ताटात भात कालवत राहिले आणि माझं रडणं ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बांगड्या जास्त वाजवल्या.

पट्टी काढायच्या दिवशी दवाखान्यात नर्सने माझं तोंड बघून मलाच आधी खुर्ची दिली. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस उचलला, डोळा पुसला. म्हणाले, उघडा. हे उघडत नव्हते. मग उघडला. लाल, पाण्याने भरलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? ह्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली. मला वाटलं, संपलं.

"खिडकीची ग्रील," हे म्हणाले, "वाकडी बसवलीय कोनीतरी."

मी तिथेच हुंदके देऊन रडले. डॉक्टर हसले, नर्स हसली. हे हसले नाहीत.

पाऊस यायच्या आत गाडी पुरी करायची होती. बाजारातून तयार लोखंडी टाकी आणून बसवली. एक दरवाजा राहिला होता. एका सकाळी हे शेडमध्ये गेले आणि मीही चष्मा लावून बाजूला उभी राहिले. ह्यांनी गॅस सोडला, ज्योत पेटवली, निळी टोकदार केली. पण ती पत्र्यावर नेली नाही. हवेतच धरून ठेवली. इतक्या वर्षांत पेटवलेली ज्योत ह्यांनी अशी अडवून धरलेली मी कधी पाहिली नव्हती. मला कळलं, ह्या घरात आजवर भिण्याचं काम माझ्याकडे होतं म्हणून ह्यांचं निभावलं होतं.

हे माझ्याकडे वळले. लग्नापासून मला काही न विचारता सगळं करणारा हा माणूस एवढंच म्हणाला, "ठेवू?"

नेहमीचं 'बास' माझ्या ओठांवर आलंच होतं. ते मी तसंच गिळलं. दोघांपैकी एकाने तरी न भिता बोलायला हवं होतं.

"ठेवा," मी म्हटलं. "मी बघतेय."