पट्ट्यावरचा 'ल'

बी.ए. झाल्यावर मी धुळ्याला अक्काकडे राहायला गेले ती टायपिंग शिकायला. अक्का माझी सख्खी मोठी बहीण, लग्न होऊन धुळ्यात स्थिरावलेली. टायपिंगच्या क्लासात यंत्रं आठ आणि मुली चाळीस. "तीन महिन्यांनी या," म्हणाले. मी जिना उतरत होते, तर खालच्या मजल्यावरून ठक-ठक, ठक-ठक असा आवाज येत होता. दाराशी पाटी होती: महिलांसाठी चर्मकला वर्ग, सहा महिने. आत दहा-बारा बायका चटईवर बसून लाकडी हातोडीनं काहीतरी ठोकत होत्या आणि मधूनमधून खळखळून हसत होत्या. टायपिंगच्या वर्गात कुणीच हसत नव्हतं. मी तिथंच नाव घातलं.

ही गोष्ट मी आबांना कळवली नाही. आबा म्हणजे माझे वडील. ते वरणगावला कारखान्यात होते. तिथं खोक्यांवर आणि दारांवर अक्षरं रंगवायचं त्यांचं काम. आमच्या घरात कातड्याचा विषय निघत नसे. आबांच्या आजोबांपर्यंत गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांच्या माथी होतं. घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते काम टाकलं ते कायमचं. आबा तर पायात कापडी बूट घालत, पाकीटही रेक्झिनचं वापरत. अशा माणसाला मी पत्रात काय लिहिणार? "क्लास छान चालला आहे," एवढंच लिहीत गेले. ते काही खोटं नव्हतं.

वर्गाला शिकवायला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळ्या त्यांना चाचा म्हणत. टांग्याच्या घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. रिक्षा आल्या, टांगे कमी झाले, आणि चाचा या वर्गावर आले. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं अहिराणी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चामड्याचा तुकडा दिला, ओल्या स्पंजानं पुसायला लावला आणि म्हणाले, "आता गालाला लाव."

मी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"लाव, लाव. थंड लागलं पाहिजे. ओलं नाही लागलं पाहिजे. ओल्यावर ठसा मारला तर तो फुगून बसतो, सुक्यावर मारला तर उठतच नाही. थंड लागलं की समज, चामडं ऐकायला तयार आहे."

मग मी दिवसातून पन्नास वेळा चामडं गालाला लावू लागले. बाभळीच्या सालीत कमावलेलं ते चामडं, त्याचा तपकिरी रंग गालावर उतरायचा. संध्याकाळी अक्का विचारायची, "टायपिंगमध्ये गालाला काय लागतं गं?" शेवटी तिला खरं सांगावं लागलं. ती आधी घाबरली, मग तिनं माझ्याकडे पर्स मागितली. निळी पाहिजे, आतून कप्पे पाहिजेत, आबांना सांगणार नाही.

मला ते काम मनापासून आवडलं. आधी सुरीनं फुलाची रेघ कापायची, निम्म्या जाडीच्याही आत. मग ठसा ठोकत ठोकत बाहेरची जमीन, म्हणजे फुलाभोवतीचं मोकळं चामडं, दाबत जायची. जमीन खाली बसते आणि फूल वर येतं. नंतर स्पिरिटमध्ये कालवलेला रंग कापसाच्या बोळ्यानं द्यायचा, सुकला की पुसायचा, पुन्हा द्यायचा. सगळ्यात शेवटी कडा. कडेला मेण लावून जाड कापडानं घासत बसायचं, कड काचेसारखी गुळगुळीत होईपर्यंत. बायका या कामाला कंटाळत. मला मात्र गप्पा मारत कडा घासणं आवडायचं. चाचा माझ्या कडेवरून अंगठा फिरवत आणि काही न बोलता पुढं जात. ते काही बोलले नाहीत म्हणजे काम जमलं, हे आम्हाला कळलं होतं.

चौथ्या महिन्यात शिंदखेड्याकडचे एक तालमीचे वस्ताद वर्गात आले. धोतर, मोठी मिशी, मोडलेले कान. त्यांच्या गावच्या यात्रेत कुस्त्या होत्या आणि शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला कमरेला बांधायला चामड्याचा रुंद पट्टा द्यायचा होता. मधे सिंह, वरखाली वेल, आणि अक्षरं: विजयी मल्ल. चाचांनी काम घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही करेल. हिचं अक्षर चांगलं आहे."

अक्षर चांगलं असायचंच. लहानपणी आबांनी मला पाटीवर एकेक काना पट्टी लावून काढायला लावला होता.

मी आठवडाभर त्या पट्ट्यावर वाकून बसले. सिंह चाचांनी रेखून दिला. आयाळीतले केस मी एकेक करून उठवले, वरची वेल पुरी केली, खालच्या वेलीच्या रेघा कापून घेतल्या. अक्षरं कापली, आजूबाजूची जमीन ठोकून बसवली. अक्षरं अशी उठून आली की वर्गातल्या बायका जागेवरून उठून बघायला आल्या. चाचांनी अंगठा फिरवला आणि पुढं गेले. चाचांना उर्दू वाचता येत होतं, मराठी नाही.

वस्ताद पट्टा न्यायला यायचा दिवस ठरला होता, वेळ दुपारची. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमारास, वर्गाच्या दारात आबा उभे राहिले.

ते अक्काकडे केळी द्यायला म्हणून अचानक आले होते आणि अक्काच्या तोंडून पाच मिनिटांत सगळं निघालं होतं. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पायात ते कापडी बूट. माझा हात हवेतच राहिला. वर्गातली ठक-ठक एकेक करत थांबली.

आबा ओरडले नाहीत. आमच्या घरात ओरडायची पद्धतच नव्हती. ते म्हणाले, "हे टायपिंग?"

मी म्हटलं, "नाही आबा."

"कातडं."

"हो."

चाचा उठले, सलाम केला, "बसा भाऊ," म्हणाले, स्टूल पुढं केलं. आबा बसले नाहीत. ते माझ्यासमोरच्या पट्ट्याकडे बघत होते. आबांची एक सवय होती, समोर अक्षर दिसलं की ते वाचायचेच. एस.टी.तल्या सूचना, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, सगळं पुटपुटत वाचत आणि चुका काढत. आत्ताही रागात असूनसुद्धा त्यांचे ओठ हलले.

"विजयी," त्यांनी वाचलं. मग थांबले. वाकले. पुन्हा वाचलं. "विजयी मल?"

मी खाली बघितलं. मल. सरळ सरळ मल. वहीत मी नीट लिहिलं होतं, पण ट्रेसिंग कागदावर अर्धा आणि पूर्ण ल एकमेकांना चिकटले होते आणि सुरी चालवताना मी दोघांचा एकच करून टाकला होता. म आणि ल ऐटीत उभे होते, आणि पलीकडे लगेच सिंहाची शेपटी. मधे एक काडी शिरायला जागा नव्हती.

माझ्या शेजारच्या बाईला अर्थ आधी कळला. तिनं पदर तोंडात कोंबला. मग दुसरीला कळला. चाचा विचारत राहिले, "काय झालं? काय लिहिलंय?" कुणी सांगेना. शेवटी एका आजीबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. चाचा मटकन खाली बसले आणि म्हणाले, "या अल्ला. जिंकलेल्या पहिलवानाच्या पोटावर?"

त्यावर सगळ्या वर्गात हशा फुटला. मी मात्र रडायला लागले. चामड्यावर कापलेली रेघ पुसता येत नाही. नवीन पट्टा करायला आठवडा लागला असता आणि आमच्या हातात एक दिवस होता.

आबांनी पिशवी भिंतीशी ठेवली. ते आता स्टुलावर बसले, खिशातून चष्मा काढला. "रडू नको. पेन्सिल आण. कागद आण." त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही, नुसता बराच वेळ पाहिला. मग चाचांना विचारलं, "ही खालची वेल झाली का पुरी?"

"नुसती रेघ कापलीय भाऊ. ठोकलेली नाही."

"मग जमतंय." आबा माझ्याकडे वळले. "जुन्या लिखाणात दुसरा ल खाली काढायचे. वरच्या ल च्या पोटाखाली बारका ल. माझ्या गुरुजींनी तसाच शिकवला होता. तुझ्या ल च्या बरोबर खाली वेलीची ही दोन पानं आली आहेत. ल ला दोन पोटं असतात. पानांना दोन पोटं आहेत. उजवीकडे एक दांडी उतरव आणि वर जोडून दे. वेलीतून आल्यासारखा दिसेल."

त्यांनी कागदावर काढून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा मान हलवली. "हा."

मी चामडं पुन्हा ओलं केलं आणि गालाला लावलं. आबा बघत होते. "हे काय?" त्यांनी विचारलं. चाचांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, थंड आणि ओलं यातला फरक, ठसा का फुगतो, सगळं. आबांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं. मी सुरी धरली. रेघ ओढणार, तर आबा म्हणाले, "श्वास सोडताना रेघ ओढ. घेताना नाही. आम्ही ब्रश तसाच चालवतो."

दुपारी तीनपर्यंत ल बसला. संध्याकाळपर्यंत जमीन ठोकून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग दिला, कडा घासल्या. कडा घासायला सगळा वर्ग लागला. आबा मुक्काम वाढवून पुन्हा आले होते आणि स्टुलावर बसून "इकडे राहिलं, इकडे राहिलं" करत होते.

वस्ताद आले. पट्टा दोन्ही हातांत धरून उजेडात नेला. बोट ल वर आलं. "हाई काय शे? हाऊ ल खाले का बरं उतरना?"

आम्ही सगळ्या आपापल्या कामात डोकं घालून बसलो. आबा उभे राहिले. "जुनी पद्धत आहे ती वस्ताद. आता फार कमी लोकांना येते."

वस्तादांनी मान डोलावली. "भारी शे," म्हणाले. "तुम्ही बठ्ठा यात्राले या."

बोलावणं सगळ्यांनाच होतं; गेलो आम्ही तिघं. चाचा, आबा आणि मी, शिंदखेड्याच्या एस.टी.नं आणि पुढं बैलगाडीनं. शेवटची कुस्ती एका उंच, काटकुळ्या तरुणानं जिंकली. कुणालाच ती अपेक्षा नव्हती, त्यालाही नव्हती. वस्तादांनी पट्टा त्याच्या कमरेला गुंडाळला, तर तो शेवटच्या भोकावरही घसरून मांड्यांवर आला. पट्टा जाडजूड पहिलवान डोळ्यांपुढे ठेवून केलेला. लोक हसायला लागले. चाचा गर्दीतून वाट काढत थेट कुस्तीच्या हौद्यात उतरले. म्हातारा माणूस आरी खिशात टाकून यात्रेला आला होता. "धरा कुणीतरी ताणून," ते म्हणाले. जवळ आबा होते. आबांनी पट्ट्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं, पाय रोवले आणि ताणून उभे राहिले. चाचांनी आरीनं नवं भोक पाडलं. "पोट आत घे," चाचांनी पोराला सांगितलं. "आत कुठं आहे ते," पोरगा म्हणाला. बकल बसलं. हलगी सुरू झाली.

परतीच्या एस.टी.त आबा खिडकीशी बसले होते. रस्त्यातल्या पाट्या पुटपुटत वाचत होते. नरडाणा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुला त्या वर्गात कुणी जायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मीच गेले."

"नको वाटलं तर सोडून येता येईल?"

"येईल की. उद्यासुद्धा."

"माझ्या आजोबांना येत नव्हतं," आबा म्हणाले. "सांगावा आला की जावंच लागायचं. जेवणावरून उठून जात. मला राग त्याचा आहे." मग म्हणाले, "त्या सिंहाची शेपटी थोडी आखूड केली असतीस, तर मुळात जागा झाली असती."

मी म्हटलं, "सिंह चाचांनी काढला होता."

"मग त्यांना सांगू नको."

सहा महिने संपले आणि टायपिंग शिकायचं राहूनच गेलं. पुढं लग्न होऊन मी जळगावला आले. घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. पर्सा, चष्म्याची घरं, पोळ्याच्या दिवसांत बैलांच्या गळ्यातले नाव कोरलेले पट्टे. नव्वद सालानंतर आबा निवृत्त झाले आणि महिन्यातले पंधरा दिवस माझ्याकडे राहू लागले. नावं लिहायचं काम त्यांनी मला न विचारताच ताब्यात घेतलं. गिऱ्हाईक आलं की ते कागद-पेन्सिल पुढं ओढत आणि बैलाचं नाव ऱ्हस्व की दीर्घ यावर शेतकऱ्यांशी वाद घालत. एकदा एक म्हातारे नाना वैतागून म्हणाले, "भाऊ, बैल वाचणार आहे का ते?"

"बैल नाही," आबा म्हणाले. "मी वाचणार आहे."

नाना हसले, स्टूल ओढून बसले आणि त्यांनी दुसऱ्या बैलाचं नाव सांगितलं.