लेक ज्युरीत बसली तेव्हा

बायको गेल्यापासून लंडनची लेक रोज दुपारी फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. एकदा दुपारी फोन आलाच नाही. संध्याकाळी आला. म्हणाली, कोर्टाने ज्युरीत घेतलंय, निकाल ठरवायला बसलो की मोबाईल काढून घेतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ज्युरी काय ते तिनेच सांगितलं. वकील नाहीत, अशीच बारा माणसं. खोलीत बसवतात, दारावर शपथ घेतलेला माणूस. कोणी मुतायला गेलं तर? मी विचारलं. तर तो येईपर्यंत बाकीच्यांनी केसबद्दल अक्षर बोलायचं नाही. रात्री घरी सोडतात, पण नवऱ्यालाही काही सांगायचं नाही. मला नवलच वाटलं.

आमच्या रत्नागिरीकडे जमात निवाड्याला बसते ती मशिदीच्या पडवीत, सगळ्यांदेखत. पंच घरी बायकोला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो, मग तोंड उघडतो. न विचारता बोलणाऱ्याला आम्ही अडाणी समजतो. म्हणून मीही विचारलं. मी राहतो बहारीनला. इथे गुदैबिया भागात चहाला आमच्याकडचा एक ड्रायव्हर येतो, त्याचा भाऊ लेकीच्याच भागात राहतो. त्या कोर्टातली केस भावाला ठाऊक होती. एका पोराने दुकानदाराला सुरी मारल्याची. वर भाऊ म्हणाला, त्या पोराने आधीही असंच केलंय. मला वाटलं, लेकीचं काम सोपं झालं.

संध्याकाळी म्हटलं, "त्या पोराचं कळलं मला. त्याने आधी..."

"अब्बा, खलास. पुढे बोलू नका."

"अगं, तुझ्या कामाचं आहे."

"ऐकलं तर मला जज्जला सांगावं लागेल. सगळं पहिल्यापासून सुरू होईल. तोपर्यंत तो जेलातच. त्यालाही बाप असेल ना?"

तोंडाशी आलेलं गिळलं. रात्रभर तेच डोक्यात. ड्रायव्हरच्या भावाने तरी कुठे डोळ्यांनी बघितलं होतं?

निकाल लागला. पोरगा सुटला. मी लगेच विचारलं, आत काय काय बोललात?

"ते कधीच सांगायचं नाही. कायदा आहे."

"आई असती तर तिला?"

"आईलाही नाही." मग तीच म्हणाली, "आता बोला. त्या दिवशी काय सांगणार होतात?"

मी म्हटलं, विसरलो.

तिला पटलं नसणार, मी असलं काही विसरत नाही. बायको असती तर तिच्यापाशी बोलून मोकळा झालो असतो. आता इथे लिहितोय. लेक बहारीनला इंग्रजी शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही.